कोणाची मेहनत, कोणाचे दान?

गेल्या पावसाळ्यात बोरगाव येथे तरुणांच्या सभेत आम्ही आठव्या आज्ञेवर बोलत होतो. सभा म्हणजे काय, एका घराच्या सोप्यात दाटीने बसलेली पंधरा-वीस मुले-मुली. बोलण्याच्या ओघात आम्ही म्हणालो की, दुसऱ्याने केलेला खेळ मोबाईलवर फुकट उतरवून घेणे, त्यात आपले काहीबाही घालणे आणि तो मित्रांत वाटणे ही सरळ सरळ चोरी होय. नाव आम्ही कोणाचेच घेतले नाही. परंतु सर्वांच्या नजरा एकाच बाजूला वळल्या आणि त्या मुलाने मान खाली घातली. त्याच रात्री त्याने आपले सहा महिन्यांचे काम पुसून टाकले. हे आम्हांस त्याच्या आईकडून कळले, तेही तीन आठवड्यांनी.

आम्ही बोललो ते खरे होते काय, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मागे लागला आहे. ज्या वस्तूवर आम्ही निकाल दिला ती आम्ही नीट पाहिलीही नव्हती. म्हणून आता उशिरा का होईना, ती पाहिली, मुलाला बसवून विचारली, आणि जे समजले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

खेळाचे नाव पोकेमॉन. नावाचा मूळ अर्थ खिशातले राक्षस असा होतो, आणि त्यावरून आमच्या दोघा वडीलधाऱ्या बंधूंनी बरीच हरकत घेतली. आमच्या मते ती हरकत अस्थानी आहे. जपानमधील सातोशी ताजिरी हे लहानपणी तोक्योजवळच्या माचिदा भागात ओढ्याकाठी, झाडाझुडपांत किडे पकडीत हिंडत असत. पुढे तेथे घरे झाली, तळी बुजली, किडे गेले. शहरातल्या मुलांना तोच पकडण्याचा आणि एकमेकांस देण्याघेण्याचा आनंद मिळावा म्हणून त्यांनी हा खेळ रचला. गेम फ्रीक या त्यांच्या मंडळींनी तो तयार केला आणि निन्टेन्डो कंपनीने २७ फेब्रुवारी १९९६ रोजी तो जपानमध्ये विक्रीस आणला. एक मुलगा किंवा मुलगी लहानशा गावातून निघते, रानावनातून, गावोगाव हिंडते, चित्रविचित्र प्राणी पकडते, पाळते आणि त्यांच्या झुंजी लावते, एवढेच कथानक. काजवे पकडून काड्यापेटीत ठेवणाऱ्या आपल्या पोरांत आणि त्या नायकात फारसे अंतर नाही. आपल्याकडे २००३ च्या सुमारास याची व्यंगपट-मालिका दूरदर्शनसंचावर आली आणि नावे घरोघरी पोचली. खेळाचे यंत्र मात्र आमच्या भागातल्या दुकानांत आम्ही कधी पाहिले नाही. मुले तो खेळतात ती मोबाईलवर, जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या ॲपमधून.

आता मुख्य गोष्ट. १९९६ चा खेळ कंपनीने २००४ मध्ये नव्याने सजवून 'फायररेड' या नावाने काढला. त्याची कॅसेट म्हणजे सोळा मेगाबाइटांची एक फाईल. जगभरच्या शौकिनांनी ती फाईल उघडून तिच्यातले कोठे काय आहे हे वर्षानुवर्षे खपून शोधून काढले आहे. अमुक जागी गावाचा नकाशा, तमुक जागी म्हातारीचे बोलणे, येथे प्राण्याचे चित्र, येथे त्याचे बळ. एकदा जागा कळली की तेथले काढून आपले घालता येते. याकरिता लागणारी साधनेही शौकिनांनीच करून फुकट दिली आहेत. अशा रीतीने जुन्या खेळाच्या पोटात नवे नकाशे, नवी कथा, नवे प्राणी घातलेल्या कितीतरी आवृत्त्या निघाल्या आहेत, आणि त्या करणाऱ्यांपैकी बहुतेकांना एक पैसाही मिळालेला नाही.

आमच्या मुलाने काय केले? नायक ज्या छोट्या गावातून निघतो त्याला त्याने बोरगाव केले. पुढचे शहर निपाणी, त्यापुढचे चिकोडी. वाटेवरच्या गवताचा त्याने ऊस केला. गावातली माणसे मराठी बोलू लागली, एक दुकानदार कानडी बोलतो, आणि निपाणीत शिरताना एक बाई विड्या वळता वळता नायकाला पत्ता सांगते. (ही त्याची आजी, असे त्याने लाजत सांगितले.) अक्षरांची मोठी अडचण झाली. त्या खेळात अक्षरे चौकटी-चौकटीने शेजारी शेजारी बसतात. आपल्या वेलांट्या आणि उकार बसायला तेथे जागा नाही. म्हणून बोलणे सारे इंग्रजी लिपीत. परंतु गावाच्या नावाची पाटी मराठीतच हवी असा त्याने हट्ट धरला. फ्रेंच वगैरे भाषांची टोपीवाली अक्षरे खेळात होती, त्यांतली चार पुसून त्या जागी त्याने बो, र, गा आणि व अशी चार चित्रे एकेक ठिपका भरून काढली. यालाच आम्ही त्या दिवशी 'आपले काहीबाही' म्हटले होते.

आम्ही त्याला विचारले, "हे दुसऱ्याचे आहे हे तुला ठाऊक होते ना?" तो म्हणाला, "होते काका. पण त्यात त्यांचे गेले काय?"

हा प्रश्न आमच्या भागाला नवा नाही. कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून धावता धावता ऊस ओढणारी पोरेही हेच म्हणतात, की एवढ्या मोठ्या कारखान्याचे काय जाते? आम्ही त्याला उसाचा दाखला दिला. त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "ऊस ओढला की गाडीतला ऊस कमी होतो काका. हे कमी होत नाही." यावर आम्हांस तात्काळ उत्तर सुचले नाही, हे कबूल करतो.

घरी येऊन विचार केल्यावर असे वाटले की, कमी होते ती वस्तू नव्हे. कर्त्याचा शब्द कमी होतो. माझे काम कोणी, कसे, कोणत्या रूपात वापरावे हे सांगण्याचा त्याचा अधिकार जातो. आपला कायदाही काहीसे असेच धरून चालतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाचे प्रोग्राम साहित्यकृतींत गणले गेले. ज्याच्याकडे प्रोग्राम रीतसर आला आहे त्याला जपणुकीसाठी प्रत करून ठेवण्याची मुभा आहे. परंतु प्रती वाटणे वा रूपांतर करणे हे मालकाच्या अनुमतीवाचून नाही. शिवाय त्याच कायद्याच्या ५७ व्या कलमाने कर्त्याला आणखी एक गोष्ट राखून ठेवली आहे. हक्क विकून टाकले तरी, हे काम माझे आहे असे म्हणण्याचा आणि आपली अप्रतिष्ठा होईल अशा फेरफाराला हरकत घेण्याचा त्याचा अधिकार शिल्लक राहतो. हे कलम वाचताना बरे वाटले. माणूस आणि त्याचे काम यांचे नाते पैशापलीकडचे आहे, एवढे तरी कायद्याने ओळखले आहे.

कंपनी मोठी आहे म्हणून ती आपली शेजारी नव्हे असे समजणे सोयीचे असते. आम्हीही ते करीत आलो आहो. १९९० च्या दशकात आमच्या लहानपणी जत्रेत तासावर पैसे देऊन जे व्हिडिओ गेम आम्ही खेळलो, ती यंत्रे आणि त्या कॅसेटी बहुतेक नकली होत्या. बरे, ते अज्ञान म्हणून सोडून देऊ. परंतु पुढे ईश्वरज्ञानाच्या पदविकेचा अभ्यास करताना एक जाडजूड भाष्यग्रंथ आम्ही पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत झेरॉक्स करून घेतला, आणि तो आजही आमच्या कपाटात आहे. त्यावरून आम्ही उपदेश तयार करतो. आठव्या आज्ञेचासुद्धा.

असो. मुलाशी बोलताना एक गोष्ट कळली, आणि तिने आमचे मत बरेच हलवले. या शौकिनांत एक रिवाज आहे. ते सगळा खेळ वाटीत नाहीत. आपण केलेला बदल तेवढा वेगळा काढून देतात. त्या छोट्या फाईलीत खेळ नसतोच. अमुक जागेपासून इतके काढा आणि त्या जागी हे घाला, अशी सूचनांची यादी तेवढी असते. मूळ खेळ ज्याच्याजवळ असेल त्याने तो आणावा आणि ही यादी त्याला लावावी. नुसती यादी घेऊन काही खेळता येत नाही. ते लोक याला पॅच, म्हणजे ठिगळ म्हणतात. (ठिगळ म्हटले की प्रचारकाला जुन्या वस्त्राचा दाखला आठवायचाच, तो येथे लागू नाही.) आपल्या भाषेत याला नेमका शब्द आहे, शुद्धिपत्र. पुस्तकाच्या शेवटी जोडतात तो कागद. 'पान ४२, ओळ ७, अमुकच्या जागी तमुक वाचावे.' ज्याच्याजवळ पुस्तक नाही त्याला शुद्धिपत्राचा उपयोग शून्य. आणि शुद्धिपत्र देणाऱ्याने पुस्तक चोरले असे कोणी म्हणत नाही. जे आपले आहे तेवढेच द्यावे आणि दुसऱ्याचे दुसऱ्याजवळ राहू द्यावे, अशी ही योजना आहे. ज्यांनी ती काढली त्यांचा हेतू कायदा चुकवण्याचा असेल वा नसेल, परंतु आपल्या मेहनतीचा आणि दुसऱ्याच्या मेहनतीचा सांधा कोठे आहे हे त्यांनी उघडे ठेवले आहे.

सांधा दिसण्याची ही बाब मराठी माणसाला परकी नाही. ज्ञानेश्वरीच्या पोथ्या हातोहात उतरताना त्यांत कितीतरी लोकांनी आपापल्या ओव्या घातल्या होत्या. प्रेमानेच घातल्या असतील. एकनाथांनी शके १५०६, म्हणजे १५८४ साली पोथ्या ताडून ग्रंथ शुद्ध केला आणि शेवटी बजावले की, यात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखे होईल. परंतु याच एकनाथांनी रामकथा स्वतःच्या रीतीने सांगितली. ते भावार्थ रामायण त्यांच्या हातून अपुरे राहिले आणि शिष्य गावबा यांनी पुरे केले. मग एकनाथांचा राग कशावर होता? आम्हांस वाटते, नवे रचण्यावर नव्हे. ताटात काय कोणाचे हे जेवणाऱ्याला कळेनासे होते, त्यावर होता. आपल्या मंडळ्यांना याहून जवळचे उदाहरण 'ख्रिस्तायना'चे आहे. ना. वा. टिळक १९१९ साली वारले तेव्हा ते काव्य थोडेसेच झाले होते. लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. टिळक कोठे थांबले आणि बाई कोठे सुरू झाल्या हे कोणी लपवले नाही, आणि त्यामुळे कोणाचे काही उणे झाले नाही.

यावर कोणी म्हणेल की, तेथे घरातली बाई होती, येथे परका पोरगा आहे. हे खरे आहे, आणि शुद्धिपत्राने सगळे निभावते असेही नाही. २०१६ च्या ऑगस्टमध्ये 'युरेनियम' नावाचा एक खेळ निघाला. तो जुन्या खेळातला फेरफार नव्हता, नव्यानेच रचलेला होता. परंतु जग आणि नाव पोकेमॉनचेच. नऊ वर्षे खपून केलेला तो खेळ पंधरा लाखांवर वेळा उतरवला गेला, आणि कायदेशीर नोटिसा येताच करणाऱ्यांनी तो मागे घेतला. त्याच वर्षी डिसेंबरात 'प्रिझम'ची पाळी आली. हा जुन्या 'क्रिस्टल' खेळातला फेरफार, सुमारे आठ वर्षांचे काम, आणि तो पॅचच्या रूपानेच द्यायचा होता. प्रसिद्धीला थोडे दिवस उरले असता निन्टेन्डोच्या वकिलांचे पत्र आले. कर्त्याने हात आखडला. मग कोणा अनामिकांनी ती फाईल परस्पर बाहेर सोडली. आम्हांस यातले शेवटचे सर्वांत खटकते. मालकाने नाही म्हटले, करणाऱ्याने ते मानले, आणि तिसऱ्याने दोघांनाही न विचारता वाटप केले.

एक गंमत मात्र सांगितलीच पाहिजे. १९९६ चा मूळ खेळ पुरा होताना तपासणीची साधने काढून टाकली आणि सुमारे तीनशे बाइट जागा मोकळी झाली. शिगेकी मोरिमोतो नावाच्या त्यांच्याच प्रोग्रामरने शेवटच्या घडीस तेथे एक जास्तीचा प्राणी बसवून दिला, १५१ वा, म्यू. मूळ पोथीतच एक क्षेपक आहे म्हणायचे!

आता आमच्या मुलाचा हिशेब. त्याने सात-आठ मित्रांना वाटले ते शुद्धिपत्र नव्हे, सगळी फाईल. मूळ खेळ त्याने विकत घेतलेला नव्हता. त्यालाही तो दुसऱ्या कोणाच्या मेमरी कार्डावरून मिळालेला. एवढ्यापुरते आमचे बोलणे चुकले नाही, आणि तेही ते मान्य करतो. परंतु आजी, ऊस, निपाणीचा रस्ता आणि ती चार अक्षरे त्याची होती. ती त्याने कोणाची घेतलेली नव्हती. आम्ही दोन्ही एका दावणीला बांधून एकच नाव दिले, आणि त्याने आमच्यावर विश्वास ठेवून दोन्ही पुसली.

मागच्या महिन्यात त्याच सोप्यात, त्याच मुलांसमोर आम्ही हे सांगितले. तो काही बोलला नाही. सभा उठल्यावर त्याने चौकटीची वही आणून दाखवली. तीत बो, र, गा, व ठिपक्यांनी काढलेले होते. कागदावरचे तेवढे राहिले होते. आम्ही म्हणालो, पुन्हा कर, आणि या वेळी शुद्धिपत्रच दे, पुस्तक देऊ नकोस.

"देतो काका," तो म्हणाला, "पण कोणाला देऊ? बोरगावात मूळ खेळ कोणाकडेच नाही."

आम्ही त्याला पुढच्या सभेपर्यंतची मुदत मागितली आहे.