हट्ट आणि हत्यार

मराठीत ‘हत्यार’ हा शब्द दोन घरी सारख्याच मानाने नांदतो. सैनिकाची तलवार हे हत्यार आणि सुताराची पटाशी हेही हत्यारच. खंडेनवमीला एकीकडे जुन्या घराण्यांतील तलवारी-भाल्यांना हळदकुंकू लागते, तर दुसरीकडे गॅरेजांतील पान्यांना, हातोड्यांना आणि लेथ यंत्रांना झेंडूच्या माळा पडतात. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर यांसारख्या गावी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कुटुंबांना ही दोन्ही दृश्ये परिचयाची आहेत. एकच शब्द आणि एकच पूजा या दोहोंना का पुरावी, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. आमच्या मते त्यात एक सूचना दडलेली आहे. घडवणारी वस्तू आणि तोडणारी वस्तू यांत जन्मजात भेद नसतो. तो भेद वापरणाऱ्याच्या हाताने ठरतो. म्हणूनच जे जागचे हलत नाही त्यावर बळ वापरण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे, हा प्रश्न कारागिराच्या वाट्याला रोज येतो.

हा प्रश्न आम्ही एका अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूच्या आधाराने मांडू इच्छितो. ती वस्तू म्हणजे जुन्या मोटारसायकलच्या इंजिनातील ऑइल सील. उदाहरणादाखल जावा गाडी घेऊ. चेकोस्लोव्हाकियात फ्रांतिशेक यानेचेक यांनी १९२९ साली मोटारसायकली बनवण्याचा उद्योग आरंभिला. त्यांचे आडनाव आणि वांडरर या जर्मन कंपनीचे नाव यांचे आरंभ जोडून ‘जावा’ हे नाव सिद्ध झाले. १९६०च्या दशकाच्या आरंभी म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात या गाड्या आपल्याकडे तयार होऊ लागल्या, १९७३पासून त्यांनी ‘येझदी’ हे नाव धारण केले आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. २०१८ साली जावा हे नाव नव्या गाड्यांवर परत आले खरे. पण जुन्या टू-स्ट्रोक इंजिनाशी त्या गाड्यांचे नाते नावापुरतेच आहे. वडिलांची किंवा काकांची जावा वाड्याच्या पडवीत गोणपाटाखाली उभी आहे, अशी घरे अजून आढळतात. आणि कधी तरी नातवाला ती पुन्हा चालू करावीशी वाटते.

अशा गाडीचे इंजिन उघडले की क्रँकशाफ्टच्या दोन्ही बाजूंना ही सीले दिसतात. सील म्हणजे पोलादाचे एक कडे, त्यावर रबराचे आवरण, आतल्या बाजूस शाफ्टला टेकणारा रबराचा पातळ ओठ आणि तो ओठ टेकलेला राहावा म्हणून त्याच्या पाठीशी एक बारीक स्प्रिंग. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण आधी क्रँकच्या पेटीत येते आणि तेथून वर ढकलले जाते. म्हणजे ही पेटी स्वतःच एक पंप असते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ५० वेळा त्या पेटीत ओढ निर्माण होते आणि ५० वेळा दाब. ओढ असताना बाहेरचे आत येऊ द्यायचे नाही आणि दाब असताना आतले बाहेर जाऊ द्यायचे नाही, एवढेच त्या ओठाचे काम. क्लचच्या बाजूचे सील गेले, तर गिअरबॉक्समधील तेल आत ओढले जाते आणि गाडी धुराचे लोट सोडते. दुसऱ्या बाजूचे गेले, तर नुसती हवा आत शिरते. ही दुसरी अवस्था अधिक घातक. कारण तिचा धूर दिसत नाही. मिश्रणात पेट्रोल व त्यासोबतचे तेल कमी पडते, इंजिन अवाजवी तापते, आणि एखादे दिवशी भर वेगात पिस्टन सिलिंडरला पकडतो. त्या क्षणी मागचे चाक जागीच अडकू शकते. वर बसलेल्या माणसाचे काय होईल, ते सांगावयास नको.

पन्नास वर्षांत हे रबर कठीण होते. त्याचे धर्म उलटतात, असेच म्हणावे लागेल. जेथे लवायचे तेथे ते लवत नाही आणि जेथून निघायचे तेथून निघत नाही. पोलादी कड्याला गंज चढतो, त्याच्याभोवतीच्या ॲल्युमिनियमच्या घराला पांढरी बुरशीसारखी पूड धरते, आणि कोणा जुन्या मेकॅनिकने घाईत लावलेले चिकटद्रव्य दगडासारखे झालेले असते. अशा वेळी नवशिक्याच्या मनात पहिला विचार येतो तो मोठ्या पेचकसाचा. सीलच्या कडेत तो घालावा, घराच्या काठावर टेकवावा आणि जोर लावून तरफेसारखा दाबावा. बहुधा सील निघतेही. परंतु ज्या काठावर पेचकस टेकला होता तो दबलेला असतो, आणि पात्याच्या टोकाने घराच्या आतील गुळगुळीत भिंतीवर किंवा शाफ्टवर एक रेघ ओढलेली असते. भिंतीवरची आडवी रेघ एक वेळ चालते. आतून बाहेर गेलेली उभी रेघ म्हणजे हवेसाठी खोदलेला पाट. शाफ्टवर ओरखडा पडला, तर नवे सील त्याच ओरखड्यावर आपला ओठ झिजवून घेते.

अनुभवी हात निराळ्या क्रमाने चालतो. सील अडवून धरणारे एखादे सर्क्लिप आहे का, हे तो आधी पाहतो. कारण पुष्कळदा ज्याला आपण हट्ट म्हणतो ती नुसती न पाहिलेली कडी असते. मग कडेने तेल सोडून तो एक रात्र जाऊ देतो. नंतर घर जपून, सर्व बाजूंनी सारखे तापवतो. ५० मिलिमीटर व्यासाचे ॲल्युमिनियमचे घर ८० अंशांनी तापले, तर त्याचा व्यास सुमारे ०.०९ मिलिमीटरने वाढतो. तेवढ्याच पोलादी कड्याचा सुमारे ०.०५ मिलिमीटरने. उरलेला फरक केसाच्या जाडीहूनही कमी; तरी पकड सैल होण्यास त्याची मदत होते, आणि उष्णतेने जुने चिकटद्रव्यही नरम पडते. एवढ्यानेही भागले नाही, तर तो सीलच्या पोलादी अंगात समोरासमोर दोन बारीक भोके पाडतो, त्यांत स्क्रू फिरवतो आणि पक्कडीने एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने सरळ बाहेर खेचतो. भोक पाडताना मागच्या बेअरिंगला ड्रिलचे टोक लागणार नाही आणि धातूचा कीस आत पडणार नाही, याची तो काळजी घेतो.

येथे आमच्या विषयाचा गाभा आहे. वरवर पाहता पेचकसाने सील सबंध बाहेर काढणारा सौम्य वाटतो आणि त्यात भोके पाडणारा क्रूर वाटतो. वस्तुस्थिती अगदी उलट आहे. पहिल्याने सील शाबूत ठेवले आणि त्याची किंमत घराकडून वसूल केली. दुसऱ्याने सीलचा नाश पत्करला आणि घराला धक्का लागू दिला नाही. सील ही झिजण्यासाठी, बदलण्यासाठी, टाकून देण्यासाठीच केलेली वस्तू आहे. क्रँकची पेटी तशी नाही. तिचा साचा ज्या कारखान्यात होता तो कारखानाच उरला नाही. ज्याचा नाश मुळातच नेमून दिलेला आहे त्याच्यावर दया दाखवताना, ज्याचा नाश कधीच होऊ नये त्याच्यावर घाव पडतो, ही चूक केवळ तंत्राची नव्हे. आपल्या नैतिक व्यवहारातील पुष्कळ चुका याच जातीच्या असतात. ‘काहीही मोडू नये’ हा नियम ऐकायला गोड आहे. पण तो पाळणाऱ्याच्या हातून काही ना काही मोडतेच, फक्त काय मोडावे याची निवड त्याने केलेली नसते. अहिंसेचा विवेकही बहुधा येथूनच सुरू होतो: घाव टळत नसेल तर तो कोठे पडू द्यायचा, हे आधी ठरवण्यापासून.

यावर कोणी म्हणेल, की ही ज्याच्या त्याच्या मालकीची वस्तू; त्याने ती जपावी किंवा बिघडवावी, यात नीतीचा प्रश्न कोठे येतो? आम्हांस हा आक्षेप पुरेसा वाटत नाही. एक तर गाडीवर बसणारा आणि इंजिन उघडणारा हे पुष्कळदा निराळे असतात. दुसरे म्हणजे ती रेघ कोणाला दिसत नाही. नवे सील बसले, झाकण लागले, गाडी सुरू झाली, मालक आनंदला. रेघ आत राहिली. रंग, निकेल, आरशासारखी टाकी यांना प्रदर्शनात बक्षिसे मिळतात. सीलच्या घराची भिंत पाहावयास कोणी परीक्षक येत नाही. जेथे स्तुती नाही आणि पकडले जाण्याची भीतीही नाही, तेथे माणूस जसा वागतो तीच त्याची नीती, एवढी साधी कसोटी येथे लागते. रेघ पडली हे कारागिरालाच ठाऊक असते. ती घासून, भरून, मालकाला सांगून पुढे जायचे, की झाकण लावायचे, हे त्या दोन मिनिटांत ठरते.

जुने इंजिन उघडताना पूर्वीच्या हातांची ओळखही पटत जाते. एखाद्या घराच्या काठावर पंचाने मारलेले आठ-दहा ठोके दिसतात. सील सैल झाले, तेव्हा घर दुरुस्त करण्याऐवजी काठ ठोकून त्याला अडकवलेले असते. त्या माणसाला दोष देणे सोपे आहे. कदाचित गिऱ्हाईक दारात उभे होते, कदाचित नवे सील त्या गावात मिळत नव्हते. परंतु त्याची घाई पुढच्याच्या माथी आली, हेही खरे. वारसा म्हणून आपल्याला वस्तू मिळते तेव्हा तिच्यासोबत पूर्वीच्यांची घाईही मिळते, आणि आपण तिच्यात आणखी किती भर घालायची एवढेच आपल्या हाती असते.

‘मूळ ते सर्व जपावे’ असा आग्रह धरणाऱ्यांचाही विचार केला पाहिजे. २०२१ साली केंद्र शासनाने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र नियम केले. सांगाडा, बाह्यांग आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही त्यातील अट योग्यच आहे. १९६४च्या व्हेनिस सनदेनेही प्राचीन वास्तूंविषयी असा दंडक घातला, की नवा भाग जुन्याशी मेळ राखणारा असावा, तरी जुना म्हणून खपवला जाऊ नये. परंतु या आग्रहाचे टोक गाठून काही हौशी मंडळी चाळीस वर्षे पाकिटात पडून राहिलेले त्या काळचे सील शोधून आणतात आणि बसवतात. पाकिटातही रबर म्हातारे होतच असते. ते अस्सल असते, पण सील म्हणून निकामी असते. सीलशी इमान राखणे म्हणजे त्याच्या कामाशी इमान राखणे. ज्याचे काम संपले त्याचे केवळ रूप राखणे हे इमान दिसते, पण असते त्याची नक्कल.

आपल्या सार्वजनिक जीवनात ‘साधनशुचिता’ या शब्दावर पुष्कळ चर्चा झाली आहे. साध्य पवित्र असले तरी साधनही पवित्र हवे, हा तिचा आशय. गॅरेजातील साधनाला हा शब्द लावला, तर त्याचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. सील निघाले हे साध्य दोघांनीही गाठले. पण साधनाने घरावर काय लिहून ठेवले, ते साध्याच्या आनंदात वाचले जात नाही. साधन अशुद्ध असले, की त्याची खूण साध्याच्या आतच राहून जाते आणि पुढे कधी तरी तेथूनच गळती सुरू होते.

महाराष्ट्राबाहेर दीर्घकाळ स्थिरावलेल्या आपल्या समाजाला हा विचार परका वाटू नये. आपल्या पूर्वजांनी परमुलुखात आपले आतले आत राहावे आणि बाहेरचे आत येऊ नये म्हणून अनेक सीले बसवली: सोवळे-ओवळे, बेटीव्यवहाराचे निर्बंध, कोणाच्या घरी पाणी प्यावे याचे नियम. त्यांपैकी पुष्कळ आता कठीण झाली आहेत. राखायचे ते राखत नाहीत आणि जागची हलतही नाहीत. ती काढलीच पाहिजेत. मात्र ती काढताना भाषा, परस्परांची विचारपूस आणि वडीलधाऱ्यांचा मान या भिंतींवर रेघ ओढली जाता कामा नये. आजोबांचा एखादा नियम मोडावा लागेल. त्यासाठी आजोबांना चारचौघांत मोडण्याची गरज नाही. नियम बदलता येतो, माणूस बदली मिळत नाही. उपमेची मर्यादा ती हीच: यंत्रातील काही भाग टाकण्यासाठीच केलेले असतात, माणसांत तसा एकही नसतो.

नवे सील बसवताना त्याच्या ओठाला ग्रीस लावतात आणि ते वाकडे न जाता सर्व बाजूंनी सारखे आत सरकावे म्हणून त्याच व्यासाचे एखादे कडे वर ठेवून हलके ठोके देतात. पुष्कळ जाणते मेकॅनिक यासाठी काढलेले जुने सीलच वापरतात. भोके पडलेले, निकामी झालेले ते कडे नव्याच्या माथ्यावर ठेवले जाते, हातोड्याचे ठोके स्वतः झेलते आणि नव्याला त्याच्या जागी पोहोचवते. मग ते भंगारात जाते.