राखणदार आणि तिसरी पिन

कुडाळजवळच्या आमच्या घरात बाबांनी १९८६ साली मुंबईहून आणलेला अ‍ॅम्प्लिफायर आहे. त्यावर भीमसेनजींची रेकॉर्ड लागली की ओटीवरची माणसं बोलायची थांबत. चार वर्षांपूर्वी ऑक्टोबरातल्या विजांच्या पावसात तो जळाला. दुरुस्त करून घेतला आणि सोबत सर्ज प्रोटेक्टर आणला, तेव्हा काकी म्हणाली, "राखणदाराक दरवर्साक नारळ ठेवतंस मा? मगे ह्यां कित्याक?"

तिचा प्रश्न मला आजही खरा वाटतो. राखणदारावर श्रद्धा असताना तरतूद करायची, तर तो देवावर घेतलेला संशय होतो का?

वायरमनने ती पेटी उघडून दाखवली. आत नखाएवढी चकती, जस्ताच्या ऑक्साइडची. २३० व्होल्टला ती गप्प बसते. दाब एकदम चढला की स्वतःतूनच वाट मोकळी करते आणि लोंढा यंत्राला वळसा घालून जातो. प्रत्येक तडाख्यासरशी ती थोडी झिजते. पुरती गेली की पेटीवरचा दिवा विझतो, पण वीज चालूच राहते, गाणंही वाजत राहतं. आपल्यासाठी कोण खर्ची पडलं, हे ऐकणाऱ्याला कळतही नाही.

राखणदाराला घातलेल्या गाऱ्हाण्यात तरी आपण काय मागतो? वाकडं-नाकडं असेल ते वाटेतून दूर कर, एवढंच. त्यावर सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. त्या होकारात आपलीही जबाबदारी आली, असं मी मानतो. संकट वळवणारा तो. पण ते जमिनीत जायला वाट आपणच राखायची. आमच्याकडे तीच बंद होती. स्पीकरमधली घरघर जावी म्हणून कुणीतरी प्लगमधली अर्थिंगची वायर तोडून ठेवली होती. मी नारळ न चुकता ठेवला, तिसरी पिन मात्र कधी उघडून पाहिली नाही. ही कसूर माझी.

आता अर्थिंगचा मीठ-कोळशाचा खड्डा नव्याने भरून घेतलाय. उन्हाळ्यात माती सुकली की अर्थिंग कमजोर होतं, म्हणून काकी तुळशीला पाणी घालून उरलेली कळशी तिथे ओतते. वीज घरावरच पडली तर त्या चकतीचं काही चालणार नाही, म्हणून ढग दाटले की मी प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढतो. नारळ यंदाही ठेवला. वळवाच्या आधी तुमच्या घरातल्या तिसऱ्या पिनेमागे वायर आहे का, तेवढं वायरमनकडून पाहून घ्या.