वारसदार की विश्वस्त?

कारवारच्या समुद्रकिनाऱ्याला रवींद्रनाथ टागोरांचे नाव आहे. वडीलबंधू सत्येंद्रनाथ तेथे न्यायाधीश असताना तरुण रवींद्रनाथांनी तिथल्या मुक्कामात ‘प्रकृतीर प्रतिशोध’ हे नाटक लिहिले. १९४१ साली कविवर्य गेले. ग्रंथांचे हक्क विश्वभारतीकडे होते. पन्नास वर्षांची मुदत सरत आली, तेव्हा कायद्यात दुरुस्ती होऊन ती साठ वर्षांची झाली. २००१ अखेर तीही संपली.

मधल्या काळात विश्वभारतीच्या संगीत मंडळाने गायक देबब्रत बिश्वास यांच्या काही ध्वनिमुद्रणांवर आक्षेप घेतले. वाद्यमेळ फार, हा त्यांतला एक. व्यथित बिश्वासांनी अखेर रवींद्रसंगीत ध्वनिमुद्रित करणेच सोडले. श्रोत्यांनी मात्र त्यांच्या तबकड्या जिवापाड जपल्या.

मंडळाची बाजू अगदीच खोटी नव्हती. आपल्या गीतांच्या चाली कोणी मोडू नयेत, ही खुद्द कवीची इच्छा होती. आणि मृताची बाजू कोणीतरी मांडायला हवीच. पण ‘त्यांना हे रुचले नसते’ आणि ‘मला हे रुचत नाही’ यांतील सीमारेषा राखणदाराला दिसेनाशी होते.

हे मी स्वानुभवाने सांगतो. आमच्या दिवंगत संगीत शिक्षकांनी बांधलेली प्रार्थनेची चाल एका वर्षी मुलींनी बदलली. मी त्यांच्या नावाने रागावलो, जुनी चाल पुन्हा सुरू केली. दुसऱ्या दिवशी पाहिले, तर मुली नुसते ओठ हलवीत होत्या. गुरुजी असते तर त्यांनी काय केले असते? मी त्यांना विचारलेच नव्हते. केवळ त्यांचे नाव वापरले होते.

वारसाने मूळ प्रत निर्मळ राखावी, कर्त्याचे नाव पुसू देऊ नये. गाणाऱ्याचा गळा मात्र वारशात येत नाही.