वीणेचा पहारा

गेल्या वैशाखातली गोष्ट. पहाटे साडेचारचा सुमार. काकड्याची तयारी चालली होती, तोच फोन वाजला. इंग्लंडातून नात बोलत होती. आपल्याकडे काकड्याची वेळ होते तेव्हा उन्हाळ्यात तिच्याकडे रात्रीचे बारा वाजलेले असतात. बाळाला पाजून निजवले होते, पण तिला स्वतःला झोप नव्हती. म्हणाली, "आबा, या वेळेला तुम्हीच जागे असाल हे ठाऊक होतं."

ती तिकडे एका रुग्णालयात फार्मासिस्ट आहे. मुलगा दहा महिन्यांचा. त्या देशात बाळंतपणाची रजा ५२ आठवड्यांपर्यंत घेता येते. तिची रजा संपत आली होती. पाच दिवसांऐवजी आठवड्याचे तीनच दिवस कामावर यावे, अशी विनंती तिने केली होती. अशी विनंती करण्याचा हक्क तिथे एप्रिल २०२४ पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासूनच मिळतो. नकार देण्याची मुभा मालकाला आहे, पण कारण सांगावे लागते. तिला होकार मिळाला होता. कोणते तीन दिवस, एवढेच तिने कळवायचे होते.

मी म्हटले, "मग अडलं कुठं, बाळ?"

"तेच तर ठरत नाही, आबा. कोणताही वार लिहिला की वाटतं, त्या दिवशी मी त्याला टाकून जाणार."

सज्जनहो, चाळीस-पंचेचाळीस वर्षे कीर्तन केले. संसारात राहून परमार्थ कसा करावा यावर किती रात्री बोललो असेन, गणती नाही. पण सोमवार की बुधवार, या प्रश्नावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

तिने आपला हिशेब सांगितला. लागोपाठ तीन दिवस घेतले तर काम सलग होते आणि पुढे चार दिवस बाळाजवळ सलग मिळतात. पण तीन दिवस पाठोपाठ सकाळी त्याला सोडून निघायचे. एक दिवसाआड घेतले तर दोन दिवस सलग ताटातूट होत नाही, पण कामाचा धागा रोज तुटतो आणि घरी असलेल्या दिवशीही मन रुग्णालयात राहते. सोमवार घ्यावा तर तिकडच्या बऱ्याच सार्वजनिक सुट्ट्या सोमवारीच येतात. त्या दिवशी पाळणाघर बंद असले तरी तिच्या पाळणाघराचे पैसे चुकत नाहीत. खात्याची बैठक मंगळवारी. मंगळवार सोडला तर सगळे निर्णय हिच्या मागे होणार. आणि पाळणाघरात जागा रिकामी फक्त सोमवारी व मंगळवारी. शिवाय आधी अशा नोकरीत गेलेल्या मैत्रिणींनी बजावलेले, की पगार तीन दिवसांचा मिळतो आणि काम मात्र पाच दिवसांचे मागे लागते.

इथे कुणी म्हणेल, महाराज, हे सुखाचे रडणे झाले. आमच्या आयांनी बांधावरच्या बाभळीला झोळी टांगली आणि दिवसभर खुरपले. आजही ऊसतोडीला जाणारी माउली तान्हे लेकरू फडाच्या कडेला पाचटावर निजवते. तिला कुणी विचारले, तुझे वार कोणते? आपल्या देशातही २०१७ सालच्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांची रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली आणि ५० वा अधिक माणसे कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय सांगितली. पण खुरपणीला आणि तोडणीला जाणारीच्या पदरात त्यातले काय पडते?

ही शंका खरी आहे. तिला माझे उत्तर इतकेच, की एकीचे दुःख मोठे म्हणून दुसरीचे खोटे ठरत नाही. आणि दोघींच्या दुःखाची जातही वेगळी आहे. बांधावरच्या आईला कष्ट होते, पण निवड नव्हती. निवड नव्हती म्हणून ती स्वतःला दोष देत नव्हती. निवड हाती आली की तिच्यामागून अपराधाची भावना येते. धर्म आणि अधर्म यांतून निवडायला कसले अवघड! खरे संकट दोन धर्मांमध्ये असते. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात माउलींनी आपल्या वाट्याचे कर्म हीच देवाची पूजा सांगितली. मग लेकराला न्हाऊ घालणे ही पूजा, आणि रुग्णाचे औषध चूक न करता मोजून देणे हीही पूजाच. दोन्ही हातांत फुले आहेत. आधी कोणता हात पुढे करावा?

मी तिला पुंडलिकाची कथा सांगितली. दारात देव आला तरी पुंडलिकाने आईबापांचे पाय सोडले नाहीत. तू हातातली सेवा सोडू नकोस, असा माझा भावार्थ.

ती लगेच म्हणाली, "आबा, पुंडलिकाच्या हातात एकच सेवा होती. माझ्या हातात दोन आहेत."

मी निरुत्तर झालो. फोन ठेवला, काकडा झाला, पण कथा मनातून जाईना. दुपारी ध्यानात आले, की या कथेतली एक गोष्ट मी नेहमी घाईत सांगत आलो. पुंडलिकाने देवाला नुसते थांब म्हटले नाही. थांब म्हणताना उभे राहायला वीट दिली. ज्याला थांबायला लावायचे, त्याला कुठे थांबायचे ते नेमके सांगितले, म्हणून देव रुसला नाही, निघूनही गेला नाही. वार ठरवणे म्हणजे वीट टाकणे. सोमवारी आई जाते आणि संध्याकाळी येते, एवढे नेमाने घडत गेले की लेकरू त्या विटेवर उभे राहायला शिकते. रुग्णालयालाही कळते, की गुरुवारी ही भेटणार नाही, कामे बुधवारीच विचारून घ्यावीत. त्रास दिवसांच्या संख्येने होतो त्याहून अधिक अनिश्चिततेने होतो. महिन्याची वारी झेपत नाही त्याने आषाढीचीच धरावी, पण धरली की मोडू नये, असे आपली जुनी माणसे सांगत ते याचसाठी.

दुसऱ्या दिवशी तिला हे सांगायला फोन केला. शेजारी आमच्या घरच्या बसल्या होत्या. मी विटेचे निरूपण केले. नातीला ते पटलेही. मग घरच्यांनी माझ्या हातून फोन घेतला आणि विचारले, "बाई गं, तुझे वार झाले. जावईबापूंचे वार कोणते?"

पलीकडे कुणीच बोलेना.

"म्हणजे, आजी?"

"म्हणजे तू तीन दिवस जाणार, दोन दिवस पाळणाघर घेणार. तिसऱ्या दिवशी लेकराजवळ कोण? आणि तो आजारी पडला तर रजा कुणाची? बाप त्याचा एकच आहे ना? त्यालाही वार असतील की."

नात म्हणाली, "हे मी त्याला विचारलंच नाही." थोडे थांबून म्हणाली, "त्यानंही विचारलं नाही."

फोन ठेवल्यावर आमच्या घरच्या माझ्याकडे न बघताच बोलल्या, "तुमच्या तारखा पंचांगात असायच्या. माझ्या कुठंच नव्हत्या."

यात राग नव्हता. पण पन्नास वर्षांचा हिशेब एका वाक्यात झाला. चैत्रात सप्ताह, श्रावणात सप्ताह, कार्तिकात काकडा, दर एकादशीला कुठे ना कुठे कीर्तन. माझे दिवस देवाच्या नावाने राखून ठेवलेले. धाकटा पाच महिन्यांचा असताना त्याला ताप भरला. मी तीन गावे पलीकडे सप्ताहात होतो. निरोप आला. मी म्हटले, काल्याचे कीर्तन माझे आहे, ते करून येतो. दोन दिवसांनी आलो तेव्हा ताप उतरला होता. यांनी मला पाणी दिले, जेवायला वाढले. त्या दोन रात्री कशा काढल्या हे मी विचारले नाही, त्यांनीही सांगितले नाही. पुढे कित्येक वर्षे ही गोष्ट मी माझ्या निष्ठेचा दाखला म्हणून सांगत असे. आज ती सांगताना लाज वाटते.

गोरोबाकाकांचे आख्यानही मी असेच सांगितले. तेरढोकीचे गोरोबाकाका चिखल तुडवत नामात रंगले आणि रांगत आलेले लेकरू पायाखाली आले. त्यांच्या तल्लीनतेवर मी अर्धा तास बोलायचो. संतीबाईच्या आक्रोशाला पाच मिनिटे, आणि त्यातही ती जरा तोंडाळ, असा सूर. गोरोबाकाकांचा अधिकार थोर आहे. त्या भावावस्थेविषयी बोलण्याची माझी योग्यता नाही. पुढे पंढरीत कीर्तनरंगात लेकरू परत मिळाले, ही देवाची कृपा. पण आता म्हातारपणी मला त्या कथेत संतीबाई दिसते. ती कुठे गेली होती? पाण्याला. घरचेच काम. जाताना काय म्हणाली? लेकराकडे लक्ष ठेवा. तिने लेकरू टाकले नव्हते, सोपवले होते. टाकणे आणि सोपवणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. घराबाहेर पडणाऱ्या प्रत्येक आईच्या पोटात संतीबाईची भीती असते. ती भीती तिने एकटीने आवरायची नसते. ज्याच्यावर सोपवले, त्याने जागे राहायचे असते.

आपल्या सप्ताहात हे शिक्षण डोळ्यांपुढे घडत असते. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. पण म्हणून एकच माणूस सात दिवस उभा राहतो का? आधी पहाऱ्यांची यादी होते. कुणाला कोणती वेळ जमते ते विचारले जाते. वेळ झाली की पुढचा वीणेकरी येतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात, आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. ज्याचा पहारा संपला तो घरी जाऊन निवांत झोपतो. याने वीणा सोडून दिली, असे त्याला कुणी म्हणते का? आणि तो अंथरुणात पडून, आता घेणारा नीट उभा असेल ना, म्हणून कुढत बसतो का? वीणा एकाची नसते, सप्ताह सगळ्यांचा असतो. अखंडपणा वीणेचा असावा लागतो. एका माणसाने अखंड उभे राहावे, असा आग्रह सप्ताहात कुणी धरत नाही. मग घरातच तो आईसाठी का धरावा?

आणखी एक खरे सांगतो. यादी करताना गावातली वजनदार मंडळी संध्याकाळचे पहारे आधी घेतात. रात्री दोनचा पहारा गरिबाच्या वाट्याला येतो. घरातही तेच होते. लेकरू हसते-खेळते तेव्हाचा पहारा घ्यायला सगळे तयार. रात्री दोनला ते रडते तेव्हाचा पहारा कुणाचा, हे यादीत कुणीच लिहिलेले नसते, म्हणून तो न सांगता आईचा होतो.

हे सगळे मी नातीला सांगितले, आणि या वेळी नातजावयालाही फोनजवळ बोलावून घेतले. मुलगा भला आहे. म्हणाला, "आबा, मला कुणी कधी विचारलंच नाही." मी म्हटले, "मलाही नव्हतं विचारलं. पण ते आपलं उत्तर होत नाही. पहारेकऱ्यानं आपण होऊन यादीत नाव द्यायचं असतं."

शेवटी ठरले ते असे. नात सोमवार, मंगळवार, बुधवार कामावर जाणार. सोमवारी व मंगळवारी पाळणाघर. बुधवारी बाप घरी. त्याने आपल्या कचेरीत विचारून पाच दिवसांचे काम चार लांब दिवसांत बसवून घेतले. बुधवार हा तसाही आपल्या पांडुरंगाचा वार. बुधवारी संध्याकाळी नात उरलेल्या कामांची यादी लिहून सहकाऱ्याच्या हाती देणार, आणि गुरुवारी कामाचा फोन उचलणार नाही. तीन महिन्यांनी दोघे पुन्हा बसून पाहणार. जमले नाही तर वार बदलतील. वार म्हणजे काही देवाची आण नव्हे.

यात सगळे गोड झाले असे मी म्हणणार नाही. पगार कमी झाला. वरच्या जागेची संधी काही वर्षे लांबेल, हे तिला माहीत आहे आणि ते तिला सलते. पहिल्या सोमवारी पाळणाघराच्या दारात बाळ रडले, आणि रुग्णालयाच्या बसमध्ये ती रडली. मंगळवारीही रडले. बुधवारी बापाने खिमट केले ते करपले, मग केळे कुस्करून दिले. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा दोघे बापलेक जमिनीवरच झोपलेले होते. तो फोटो तिने आजीला पाठवला.

आमच्या घरच्यांनी तो फोटो पुष्कळ वेळ पाहिला. मग फोन बाजूला ठेवून म्हणाल्या, "परवा एकादशी आहे. मला देवळात जागराला बसायचंय."

पूर्वी असते तर मी म्हटले असते, गाईची धार कोण काढणार? या वेळी ते शब्द ओठांवर आले आणि मी गिळले. आता दर एकादशीला त्या देवळात असतात आणि घर नि गाय माझ्याकडे. भगर अजून बिघडते, शेंगदाण्याची आमटी मात्र जमू लागली आहे. धार काढताना तोंडाने हरिपाठ म्हणतो. देवळातला टाळ इथवर ऐकू येतो.

पहारा उशिरा घेतला, पण घेतला.

रामकृष्णहरी.