अंदाजपंचे

गेल्या चैत्रात एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. परिचारिकेचे शिक्षण संपवून ती आता विलायतेस जाण्याच्या खटपटीत आहे. त्यासाठी तिला ‘आयेल्ट्स’ नावाची इंग्रजीची परीक्षा द्यावयाची होती. चहा घेता घेता तिने विचारले, “सर, उत्तर येत नसेल तर अंदाजाने लिहावे का? की ती लबाडी होईल?”

नियम तिच्याच बाजूचा होता. या परीक्षेत ऐकण्याचे 40 आणि वाचनाचे 40 प्रश्न असतात. चुकीच्या उत्तराबद्दल गुण कापीत नाहीत. कोरी जागा आणि चुकलेले उत्तर यांची किंमत एकच, शून्य! मी तिला हे सांगितले.

“ते ठाऊक आहे हो सर. पण येत नाही ते येते असे दाखवायचे का?”

मी क्षणभर गप्प झालो. आमच्या पिंपळनेरात अंदाजाला कुणी पाप म्हणत नाही. आभाळाकडे पाहून शेतकरी बाजरी पेरतो. कांदा आज विकावा की चाळीत ठेवावा, हाही अंदाजच. तो चुकला तर शेतकऱ्याचे नुकसान होते. पण त्याला खोटारडा कोण म्हणेल?

परीक्षा घेणारेही हे जाणून असतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण कापतात. चार पर्यायांचे चार प्रश्न डोळे मिटून सोडवले, तर सरासरीने एक बरोबर येतो, तीन चुकतात. मिळाले तेवढेच जाते. मात्र एखादा पर्याय खात्रीने बाद करता आला, की पारडे किंचित आपल्याकडे झुकते. आंधळ्या अंदाजाला काही नाही, अर्ध्या ज्ञानाला थोडेसे. मला हा न्याय आवडतो.

बोलता बोलता मला माझाच एक अंदाज आठवला. वर्गात एका मुलाने ‘इव्हेंच्युअली’ या शब्दाचा अर्थ विचारला होता. मला तो येत नव्हता. ‘इव्हेंट’ म्हणजे प्रसंग, तेव्हा ‘प्रसंगाने’ असे मी फळ्यावर ठसक्यात लिहून मोकळा झालो. त्या रात्री शब्दकोशात पाहिले, तर अर्थ निघाला ‘अखेरीस’! दुसऱ्या दिवशी चूक कबूल करण्याचे धैर्य मला झाले नाही. वर्षभर मुलांच्या वह्यांतून तो ‘प्रसंगाने’ मला भेटत राहिला.

तेव्हा मला वाटते, फरक इथे आहे. परीक्षकाला ठाऊक असते की मुले अंदाज करतात. तिथे कोणी फसत नाही. माझ्या वर्गाला मात्र ठाऊक नव्हते की गुरुजी अंदाज करीत आहेत. अंदाज हा अंदाज म्हणून केला तर त्यात लाज नाही. ज्ञानाचा अंगरखा घालून तो दुसऱ्याच्या गळ्यात मारला, की लबाडी सुरू होते.

मी तिला म्हटले, “पेपरात एकही जागा कोरी सोडू नकोस. पण उद्या रुग्णाच्या उशाशी उभी असताना औषधाचे प्रमाण नीट ऐकू आले नाही, तर लाज न बाळगता ‘पुन्हा सांगा’ म्हण. तिथल्या चुकीचे मोल तू देणार नसतेस.”

मग धीर करून मी ‘इव्हेंच्युअली’चा खरा अर्थ तिला सांगितला. त्या वर्गात तीही होती ना!

ती हसली. “सर, ते मला दहावीतच कळले होते.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्हांला वाईट वाटेल, असा अंदाज केला.”