पेटी उचलली की गाडी मोकळी

कऱ्हाड

चि. गणेश यास,

तुझा मेसेज वाचला, फोटोही पाहिले. घरची जुनी इन्व्हर्टरची बॅटरी पिकअपच्या हौद्यात ठेवायची, गाडीच्या बॅटरीला वायरीने सरळ जोडायची आणि तिच्यावर बाजारात दिवे आणि श्रीखंड-पनीरचा फ्रीज चालवायचा, असा तुझा बेत दिसतो. बाकीच्या दिवशी गाडी भाड्याला जाते, म्हणून बॅटरी काढता-घालता यावी, हे तू बरोबर ताडलंस. बाकी बेत मला पसंत नाही. फोनवर सांगायला गेलो तर तू "हो मामा, हो मामा" करतोस आणि निम्मं विसरतोस, म्हणून लिहून पाठवतोय.

आधी एक गोष्ट पक्की धर. गाडीत कायमचं राहील ते कमीत कमी ठेवायचं: बॉनेटखाली एक फ्यूज आणि एक रिले, तिथून मागे दोन वायरी, आणि हौद्याजवळ एक कनेक्टर. बॅटरी, तिचा चार्जर, फ्यूजपट्टी, मीटर, दिव्यांची बटणं हे सगळं एका पेटीत. कनेक्टर सोडला, पट्टा सोडला, पेटी उतरवली, की गाडी टोमॅटोची कॅरेटं भरायला मोकळी. कंपनीच्या वायरिंगला कुठेही कात्री लावायची नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल करू देत नाही. पट्ट्याने बांधलेल्या पेटीने आरसीतलं काहीच बदलत नाही. पण कापून जोडलेली वायर जळाली, तर इन्शुरन्सवाला पहिलं बोट तिच्यावरच ठेवेल.

आता बॅटरी. घरची ट्यूब्युलर पन्नास-साठ किलोची आहे. तू आणि रेखा मिळून आठवडाभर ती चढवाल-उतरवाल, मग कंबर धरेल आणि बॅटरी हौद्यातच मुक्काम करेल. शिवाय तिच्यात पातळ ॲसिड. चिपळूणला जाताना कुंभार्ली घाटाच्या वळणांवर ते कुठे सांडेल याचा नेम नाही, आणि शेजारी खायचा माल. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन सुटतो, तो बंद पेटीत कोंडून ठेवायचा नसतो. गाडीला असते तसली सेल्फची बॅटरी आण म्हणशील, तर तीही या कामाची नाही. तिच्या प्लेटा पातळ. दोन-चार सेकंद शेकडो अँपिअर देऊन लगेच पुन्हा भरून घेणं एवढंच तिला ठाऊक. रोज संध्याकाळी तळाला नेलीस तर काही महिन्यांत बाद होईल.

किती मोठी घ्यायची ते हिशेबाने ठरव, दुकानदाराला विचारून नको. २० वॉटच्या दोन एलईडी ट्यूब पाच तास, म्हणजे २०० वॉट-तास. २५ वॉटचा पंखा पाच तास, १२५. बिलाचा प्रिंटर, मोबाइल आणि पैसे आल्याचं ओरडून सांगणारा तो डबा मिळून १५ वॉट धर, ७५. फ्रीजच्या पाटीवर ४५ वॉट लिहिलंय, पण त्याचा कॉम्प्रेसर चालू-बंद होत राहतो, सरासरी २५ धरायला हरकत नाही. मात्र तो माल भरल्यापासून दहा तास चालणार, म्हणजे २५०. एकूण ६५०. १२ व्होल्ट १०० अँपिअर-तासाच्या शिशाच्या बॅटरीत कागदावर १२०० असतात, पण निम्म्याच्या खाली नेली की तिचं आयुष्य घटतं, म्हणून हाताशी ६०० आणि वजन तीसेक किलो. त्याच मापाच्या लिथियम आयर्न फॉस्फेटच्या, म्हणजे एलएफपी बॅटरीत १२८० असतात, त्यातले ऐंशी टक्के बिनधास्त वापरता येतात, आणि वजन बारा-तेरा किलो. महाग आहे, मान्य. पण एका माणसाला एकट्याने उचलता येणं हीच तुझी खरी गरज आहे, त्यामुळे इथे मी तरी पैसे वाचवणार नाही.

लिथियम म्हटलं की पेटलेल्या स्कूटरचे व्हिडिओ आठवतात, आणि आमची ताई तुला ते दाखवणारच. तिला सांग की सगळं लिथियम एका जातीचं नसतं. एलएफपीचं रसायन जॉन गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या प्रयोगशाळेतून पुढे आलं. १९९७ च्या त्या शोधनिबंधात पहिलं नाव ए. के. पाधी यांचं आहे. गुडइनफ यांना लिथियम बॅटरीवरच्या कामासाठी २०१९ मध्ये नोबेल मिळालं, तेव्हा त्यांचं वय ९७ होतं. या रसायनात ऑक्सिजन फॉस्फेटमध्ये घट्ट बांधलेला असतो, तापलं तरी सहज सुटत नाही, त्यामुळे ही बॅटरी पेटायला अवघड. अवघड म्हणजे अशक्य नव्हे, फ्यूजचं पुढे सांगतो.

तुझ्या बेतातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे सरळ जोडणी. दोन बॅटऱ्या कायम एकमेकींना जोडून ठेवल्यास तर दिव्यांनी दोन्ही उतरतील आणि रात्री दहाला चिपळूणच्या बाजारात सेल्फ नुसती टकटक करेल. मधे नुसता स्विच टाकलास तरी भागत नाही. रिकामी एलएफपी तहानलेल्या म्हशीसारखी असते, अल्टरनेटर देईल तेवढा करंट ती ओढते. अल्टरनेटर इतका वेळ पूर्ण ताकदीने चालण्यासाठी बनवलेला नसतो, तो तापून जातो. त्यात बॅटरीतल्या बीएमएसने, म्हणजे तिची राखण करणाऱ्या सर्किटने, मधेच जोडणी तोडली, तर व्होल्टेज उसळून अल्टरनेटरचे डायोड उडू शकतात. काही बीएस-६ गाड्यांत अल्टरनेटर स्वतःच व्होल्टेज खाली-वर करतो, त्यामुळे बॅटरी कधी धड भरतच नाही. या सगळ्यावर एकच औषध, डीसी-टू-डीसी चार्जर. तो ठरलेलाच करंट घेतो आणि गाडीकडून येणारं व्होल्टेज कितीही हललं तरी बॅटरीला हवे तेवढे १४.४ च्या आसपास देतो. २० अँपिअरचा घे, त्यात एलएफपीची सेटिंग असली पाहिजे.

पण चार्जर लावला म्हणजे बॅटरी आपोआप भरेल असं समजू नकोस. तुझा रोजचा खर्च ५० अँपिअर-तासांच्या वर आहे. कऱ्हाडहून पाटण, कोयनानगर करत चिपळूण गाठेपर्यंत तो बऱ्यापैकी भरून निघेल. उंब्रजचा बाजार मात्र अर्ध्या तासाचा रस्ता, तेवढ्यात दहाच मिळतील. म्हणून रात्री पेटी घरात घ्यायची आणि एलएफपीसाठीच बनवलेल्या वेगळ्या चार्जरने भिंतीच्या प्लगवर लावायची. पेटी काढता येण्याचा हाही एक फायदा. चोरीची भीती जाते ती वेगळीच.

आता वायर. इथे लोक सगळ्यात जास्त फसतात, म्हणून सावकाश वाच. बॉनेटपासून हौद्यापर्यंत वळणं धरून पाच मीटर, म्हणजे जाऊन-येऊन दहा. २० अँपिअर द्यायला चार्जर गाडीकडून २५ च्या आसपास ओढतो. अडीच स्क्वेअर एमएमची घरगुती वायर टाकलीस तर तिच्यातच पावणेदोन व्होल्ट जातील, वायर तापेल आणि चार्जर व्होल्टेज कमी म्हणून बंद-चालू होत बसेल. सहाची टाकलीस तर पाऊण व्होल्टच्या जवळ. दहाची घे, अर्ध्याच्या आत राहतं आणि काम भागतं. घेताना टोक ब्लेडने खरवडून बघ. साउंड सिस्टिमवाल्यांच्या जाड, गुबगुबीत वायरी बऱ्याचदा ॲल्युमिनियमच्या असतात, वरून फक्त तांब्याचा मुलामा. तार खरवडल्यावर आत पांढरी निघाली की ती दुकानदाराला परत दे. खरी तांब्याची तार आतही लालच निघते.

टोकांना तांब्याची थिंबल, आणि ती क्रिंपरनेच दाबायची. पक्कडीने चेपून वर सोल्डर ओतायची पद्धत सोडून दे. सोल्डर तारांतून वर चढतं, तिथे वायर कडक होते आणि गाडीच्या थरथरीने बरोबर त्या जागी तुटते. दाबल्यावर थिंबल व्हाइसमध्ये धरून वायरीला जोर लावून ओढ. हलली तर कापून नवी लाव.

फ्यूज ४० अँपिअरचा, गाडीच्या बॅटरीच्या प्लसपासून वीतभराच्या आत. वायर कुठेही घासून चॅसीला टेकली तर पेटायची ती वायर, आणि फ्यूज तिच्यासाठीच असतो. तो मागे चार्जरजवळ बसवला तर मधली पाच मीटर उघडी पडली. दुसरा फ्यूज पेटीतल्या बॅटरीच्या प्लसवर. बीएमएस आहे म्हणून तो गाळायचा नाही. पहिल्या फ्यूजनंतर ७० अँपिअरचा रिले बसव, त्याची कॉइल फ्यूज टॅपने इग्निशनवर घे. चावी काढली की मागचा कनेक्टर मेला. पेटी काढलेली असताना कॅरेटाची पत्र्याची पट्टी त्यात घुसली तरी ठिणगी उडणार नाही. अर्थिंगसाठी मागच्या गंजक्या बोल्टवर विसंबू नकोस, मायनसची वायरही पुढपर्यंत आण. बॅटरीच्या मायनसवर छोटा सेन्सर असेल तर त्याच्या पुढे, चॅसीच्या बाजूला जोड, नाहीतर गाडीचा कॉम्प्युटर करंटचा हिशेब चुकवतो.

वायरी कोरुगेटेड पाइपात घालून चॅसीच्या आतल्या बाजूने ने. सायलेन्सर, प्रोपेलर शाफ्ट आणि ब्रेकचा पाइप यांच्यापासून लांब. पत्र्यातून जाईल तिथे रबरी ग्रोमेट हवंच. मागे ५० अँपिअरचा अँडरसन कनेक्टर, तोंड खाली करून, टोपण लावून. कोयनेकडचा पाऊस तुला मी सांगायला नको.

पेटीची जागा केबिनला लागून. फाळक्याकडे ठेवलीस तर माल चढवताना पहिला दणका तिलाच. चॅसीला भोक पाडायचं नाही. हौद्यात आहेत त्याच बोल्टांवर अँगलचा ट्रे बसव आणि वरून रॅचेटचा पट्टा. पट्टा ओढल्यावर पेटीला खांदा लावून ढकल, ती तसूभरही सरकता कामा नये. जोरात ब्रेक लागला की अठरा किलोची पेटी उडते, आणि तिच्यापुढे तुझीच पाठ असते. पेटी बारा एमएम प्लायची चालेल, पण चार्जरचे पंखे, म्हणजे ते ॲल्युमिनियमचे दाते, बाहेर मोकळ्या हवेत राहू देत. बहुतेक एलएफपी बॅटऱ्यांना ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असं कंपन्याच लिहून देतात, आणि एप्रिलमध्ये दुपारी हौद्याच्या पत्र्याला हात लावून बघ. वरून पांढरी ताडपत्री टाक, खाली हवेला फट ठेव.

व्होल्टमीटर घेऊ नकोस. एलएफपीचं व्होल्टेज भरलेली असताना आणि निम्मी संपल्यावर जवळजवळ सारखंच दिसतं. शंटवाला मीटर घे, तो आत-बाहेर गेलेले अँपिअर-तास मोजतो. आणि या पेटीवर कधी इंजिन सुरू करायला जाऊ नकोस. त्या अडीच लिटरच्या डिझेलच्या सेल्फला लागणारा करंट तिचा बीएमएस देणारच नाही.

सगळं जोडून झाल्यावर इंजिन चालू ठेव, चार्जर पूर्ण ओढत असताना मल्टिमीटरने आधी गाडीच्या बॅटरीवर आणि मग चार्जरच्या तोंडाशी व्होल्टेज बघ. फरक पाऊण व्होल्टच्या वर असेल तर कुठेतरी थिंबल ढिली आहे. पंधरा मिनिटांनी इंजिन बंद करून एकेका जोडाला बोट लाव. जो चटका देईल तो खोलायचा.

क्रिंपर विकत घेऊ नकोस, माझा घेऊन जा. दहाची डाय त्यातच आहे. रविवारी ये, ताईलाही आण. पण काम झालं की क्रिंपर परत आणून दे, मागच्या वेळी ड्रिल दिलं ते अजून तुझ्याकडेच आहे.

तुझा,
मामा