नाव आणि नम्रता

२२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची सावली विजयदुर्गाहून निघून, आमच्या धाराशिव जिल्ह्यातील परंड्यापासून फार दूर नसलेल्या जेऊरवरून, पुढे वऱ्हाडातील तळणीवर गेली. जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे पथक आणि पुण्याचे प्राध्यापक नायगमवाला सज्ज होते. तळणीला होत्या ॲनी माँडर. आपल्या लहानशा कॅमेऱ्याने त्यांनी सूर्याच्या प्रभामंडळातील एक प्रदीर्घ किरण टिपला. तेवढा लांब किरण तोवर कोणाच्याही छायाचित्रात आला नव्हता.

आयर्लंडमधील एका धर्मोपदेशकाची ही कन्या १८८९ साली केंब्रिजची गणिताची परीक्षा सन्मानाने उत्तीर्ण झाली. स्त्री म्हणून पदवी मात्र मिळाली नाही. १८९१ पासून ग्रीनिचच्या वेधशाळेत दरमहा चार पौंडांवर त्यांनी आकडेमोड केली. १८९५ साली तेथील सहकारी वॉल्टर माँडर यांच्याशी विवाह झाला आणि नियमानुसार ती नोकरीही सुटली. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने १८९२ साली नाकारलेले सदस्यत्व त्यांना १९१६ साली लाभले. १९०८ साली उभयतांच्या नावे निघालेल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत वॉल्टर यांनी नमूद केले, की हे काम जवळजवळ सर्वस्वी पत्नीचेच आहे.

कोणी म्हणेल, नावाचा एवढा सोस कशाला? गुप्तपणे केलेले सत्कर्म श्रेष्ठ, हीच ना आपली शिकवण? व्हॅटिकन वेधशाळेसाठी १९१० ते १९२१ या काळात मारिया बाम्बिना संघाच्या चार धर्मभगिनींनी छायाचित्रांच्या काचांवरून चार लाख ऐंशी हजारांहून अधिक ताऱ्यांची स्थाने मोजली. एमिलिया, रेजिना, कन्चेत्ता आणि लुईजिया ही त्यांची नावे जगापुढे आली ती २०१६ साली. व्रतस्थ जीवनात त्यांनी हे अनामिकपण आनंदाने पत्करले असेल, असे आपण मानू.

परंतु नम्रता ज्याची त्याने आचरावयाची असते. दुसऱ्याच्या वतीने ती आचरता येत नाही. एखादी व्यक्ती आपण होऊन मागे उभी राहते, तेव्हा तो विनय होय. तिला मागे उभे केले जाते, तेव्हा तो अन्याय होय. वॉल्टर यांनी प्रस्तावनेत केले ते पत्नीचे कौतुक नव्हे, ती ऋणफेड होती.

आपल्या धर्मग्रामातही वेदीची वस्त्रे धुणाऱ्या, वर्षानुवर्षे धर्मशिक्षणाचे वर्ग चालविणाऱ्या भगिनी आहेत. स्मरणिकेत त्यांच्या वाट्यास येते ते ‘महिलांचे सहकार्य लाभले’ एवढे एकच वाक्य. त्या तक्रार करणार नाहीत. म्हणूनच त्यांची नावे लिहिण्याचे कर्तव्य आपल्यावर येते.